रिकामं किती ठेवायचं?

वेल्ह्यातल्या एका सेवा केंद्रात श्रावणातल्या एका सकाळी मी सातबाऱ्यासाठी रांगेत उभा होतो. पाऊस असा, की समोरचा तोरणा पार गायब. तिसऱ्याचा नंबर आला आणि कॉम्प्युटरवरच्या मुलानं मान वर न करता सांगून टाकलं, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या." केळदहून दोन एसट्या बदलून आलेले एक आजोबा छत्री झटकत म्हणाले, "बाळा, सर्व्हर डाऊन का लाइट गेली?"

पोरगं हसलं. लाइट पहाटेच गेली होती. केंद्रातला इन्व्हर्टर चालू होता. पण डोंगरावरच्या मोबाइल टॉवरची बॅटरी उतरली होती. सर्व्हर जिथं कुठं होता तिथं ठणठणीत असणार. घाटमाथ्यावर मात्र 'सर्व्हर डाऊन' हे सगळ्याच दुखण्यांचं एकच नाव.

आजोबांचा प्रश्न मी पुण्यापर्यंत डोक्यात घेऊन आलो. सर्व्हर डाऊन होऊ नये म्हणून नेमकं काय करतात? आणि त्यासाठी किती वीज जाळतात?

क्लाउड म्हटलं की माणूस वर बघतो. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवर आहे, आणि त्यातला एक आपल्या पुण्यात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात क्लाउडची केंद्रं सुरू केली, त्यातल्या 'सेंट्रल इंडिया' विभागाचं ठिकाण पुणे. पुण्याला हे नवं नव्हतं. १९८८ साली इथं सी-डॅक सुरू झाली, १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला, आणि २००७ मध्ये टाटांच्या 'एका' या महासंगणकाने जगाच्या यादीत चौथा क्रमांक मिळवला. मोठी यंत्रं गार आणि जागी ठेवण्याची विद्या या शहराने तीस-पस्तीस वर्षं घोटली आहे.

ही यंत्रं खातात वीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ साली जगातल्या डेटासेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. आपल्या मापात सांगायचं तर भाटघरचं वीजघर १६ मेगावॅटचं, पानशेत आणि वरसगावचं प्रत्येकी ८. तिन्ही मिळून ३२. आजचं एक मोठं डेटासेंटर एवढी वीज एकटं मागू शकतं, आणि तीही बारा महिने चोवीस तास. आपली वीजघरं तर पाणी सोडलं तरच फिरणार.

या विजेतली बरीचशी काम न करण्यात जाते. गुगलमधल्या लुइस बारोसो आणि उर्स हॉल्झल यांनी २००७ साली एका लेखात हे लख्ख मांडलं. सर्व्हर बहुतेक वेळ त्याच्या ताकदीच्या १० ते ५० टक्क्यांवरच चालतो, आणि नुसता बसून राहिला तरी पूर्ण कामाच्या निम्म्याच्या आसपास वीज ओढतो. बैल गोठ्यात असो की नांगराला, वैरण लागतेच, तसंच हे.

हिशेब करून बघू. पूर्ण कामावर ४०० वॅट आणि रिकामा २०० वॅट घेणारा सर्व्हर धरा. असे दोन सर्व्हर ३० टक्क्यांवर चालत असतील तर प्रत्येकी २६० प्रमाणे ५२० वॅट जातात. तेच काम एकावर लादलं तर तो ६० टक्क्यांवर चालेल, घेईल ३२०. दुसरा बंद. २०० वॅट वाचले, वर्षाचे १,७५२ युनिट. हजारो सर्व्हरना हा गुणाकार लावला की कारखान्याचं बिल दिसायला लागतं. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं बसवून मोठी केंद्रं हेच करतात.

पण तो एकच सर्व्हर बसला तर? दोघांचं काम एकदम गेलं.

भोर-वेल्ह्याच्या माणसाला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. भाटघर धरण साडेतेवीस टीएमसीचं, म्हणजे अब्ज घनफुटांचं. जुलैतच काठोकाठ भरून ठेवलं आणि ऑगस्टमध्ये वर धो-धो कोसळलं, तर नीरेकाठची गावं पाण्यात. पुराच्या धास्तीने जागा रिकामी ठेवली आणि पाऊस पाठ फिरवून गेला, तर इंदापूर-माळशिरसचा ऊस वाळला. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. पण ती फुकटही नव्हे. कधी, किती रिकामं ठेवायचं याचं वेळापत्रक आखावं लागतं, आणि पाऊस बघून रोज बदलावंही लागतं. डेटासेंटरवाले सर्व्हरबाबत, लाइट गेल्यावर तगवणाऱ्या यूपीएसबाबत, थंडावा देणाऱ्या चिलरबाबत तेच करतात. यूपीएसचे दोन पूर्ण संच ठेवले, तर एक बसला तरी दुसऱ्याने सगळा भार पेलावा म्हणून प्रत्येक संच निम्म्याहून कमी भारावरच चालवावा लागतो, आणि कमी भारावर यूपीएस वीज जास्त फुकट घालवतो. भरवशाची किंमत मीटरवर दिसते ती अशी.

रिकामी जागा ठेवली तरी एकाचा बिघाड दुसऱ्यावर जाऊ नये, हेही बघावं लागतं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. त्या गडाच्या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. एक माची पडली तरी बालेकिल्ला लढत राहावा अशी रचना. क्लाउडमधले लोक आपल्या केंद्रांचे असेच वेगळे 'झोन' पाडतात, प्रत्येकाची वीज आणि थंडावा निराळा. हे न पाळल्याचं फळ याच तालुक्यात दिसलं, १२ जुलै १९६१ ला. पानशेतचं मातीचं धरण, कामं अपुरी असतानाच पहिल्या पावसाळ्यात भरलं. रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं, सगळा लोंढा खाली खडकवासल्यावर आला आणि काही तासांत तेही फुटलं. पुढचं पुण्याला आजही माहीत आहे. आजच्या आकड्यांत पानशेत साडेदहा टीएमसीचं, खडकवासला जेमतेम दोनचं. थोरल्याचं ओझं धाकट्यावर पडलं, की धाकट्यात काही दोष असो-नसो, तो जाणारच.

संगणकांत हे हुबेहूब घडतं. एक गट बसला की त्याच्या मागण्या शेजाऱ्यावर वळतात, उत्तर आलं नाही म्हणून लाखो फोन तीच मागणी पुनःपुन्हा पाठवतात, शेजारीही बसतो. १५ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियात सेऊलजवळच्या एका डेटासेंटरच्या बॅटरी खोलीत आग लागली आणि 'काकाओ' ही अख्ख्या देशाची निरोप-सेवा आडवी झाली. पूर्ण सावरायला काही दिवस गेले. यंत्रणा दुसरीकडे वळवण्याची साधनंच नीट विभागून ठेवलेली नव्हती. सावधगिरीचा दोर त्याच विहिरीत पडला होता.

यावर अभियंत्यांचा एक उपाय आहे: पेलत नाही ते काम सरळ नाकारायचं, म्हणजे उरलेलं तरी तगतं. त्याला ते काय म्हणतात? लोडशेडिंग! आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरतात. तिथं तो शहाणपणा आहे.

पेलत नाही ते सोडून देण्याचं हे शहाणपण बघायचं, तर कापूरहोळहून भोरला जाताना आत वळून भाटघर बघावं. १९२०च्या दशकात पूर्ण झालेलं हे दगडी धरण. त्याआधीचा एकोणिसाव्या शतकातला बांध त्याच्याच पाण्याखाली आहे. याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. बटण नाही, मोटर नाही. दरवाजा साखळीने एका अवजड वजनाला बांधलेला, आणि ते वजन हौदात लोंबकळतं. धरण ठरल्या पातळीला आलं की पाणी हौदात शिरतं, बुडालेलं वजन हलकं होतं, तोल बदलतो, दरवाजा उघडतो. पातळी उतरली, हौद रिता झाला, की वजन पुन्हा जड होऊन दरवाजा ओढून घेतं. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला बसवलेले दरवाजे याच तत्त्वाचे. लाइट जाते ती नेमकी पुराच्या रात्री, आणि हा दरवाजा लाइटवर अवलंबूनच नाही. ज्या संकटासाठी यंत्रणा केली, त्याच संकटात ती बंद पडू नये, ही अट एवढी साधी आणि एवढी क्वचित पाळली जाणारी.

१९ जुलै २०२२ ला लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला आणि गुगलच्या तिथल्या एका डेटासेंटरचा थंडावा निकामी झाला. यंत्रं वाचवायला काही बंद करावी लागली. थंडावा नेमका उन्हाच्या दिवशी गेला.

थंडाव्याचं बाकी गणित सरळ आहे. इमारतीत शिरलेली एकूण वीज भागिले संगणकांपर्यंत पोचलेली वीज, या आकड्याला पीयूई म्हणतात. आदर्श १. जगाची सरासरी दीडच्या थोडी वर, गुगलची सुमारे १.१. पुढच्या सुधारणा फारशा अद्भुत नाहीत: गार आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या ठेवायच्या, खोली उगाच महाबळेश्वर करायची नाही (२७ अंशांपर्यंतची हवा सर्व्हरना चालते), पंख्यांचा वेग गरजेपुरता. गुगलने २०१६ मध्ये हे सांभाळायला स्वतः शिकणारी संगणक-प्रणाली लावली तेव्हा थंडाव्याची वीज ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचं सांगितलं. मला स्वतःला याहून मोठी बचत रिकाम्या बसलेल्या सर्व्हरांत दिसते.

आणि भरवसा? या धंद्यात सर्वांत वरच्या श्रेणीच्या केंद्रासाठी ९९.९९५ टक्के उपलब्धतेचा आकडा सांगितला जातो. म्हणजे वर्षात फार तर २६ मिनिटं बंद. त्यासाठी बॅटऱ्या, त्यामागे डिझेल जनरेटर, दोन बाजूंनी येणाऱ्या वीजवाहिन्या. त्या श्रावणातल्या एका सकाळीच केळदच्या आजोबांची वर्षभराची २६ मिनिटं कितीतरी वेळा संपली होती. साखळीचं एक टोक सोन्याचं, दुसरं सुतळीचं. पुढच्या वेळी तुम्हाला कुणी "सर्व्हर डाऊन आहे" म्हणालं, तर आजोबांसारखं विचारा: सर्व्हर, का लाइट? उत्तर लाइट असेल, तर अर्ज पुण्याच्या डेटासेंटरकडे नको, डोंगरावरच्या टॉवरच्या बॅटरीसाठी करा.