मित्राला विचारायचा एक प्रश्न

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी ओळखले जाते. अशा गावांतील अनेक मुले बारावीनंतर अंबाजोगाई, परळी किंवा लातूरला खोली घेऊन राहतात. घर दुरावते आणि मनातील खळबळ सर्वप्रथम जाणवते ती खोलीतील सोबत्याला. ‘माझ्यामुळे घरच्यांना नुसता त्रास,’ हे वाक्य त्याच्याच कानावर पडते; त्यावर काय बोलावे, हे मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने धोका ओळखून मदतीपर्यंत नेणाऱ्या सामान्य माणसांच्या, म्हणजे ‘गेटकीपर’च्या प्रशिक्षणावर भर दिला.

या प्रशिक्षणाची सर्वपरिचित पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांची ‘क्यूपीआर’. विचारा, राजी करा, मदतीपर्यंत पोहोचवा, असे तिचे तीन टप्पे. अवघड असतो तो पहिलाच. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत घट्ट आहे. पण संशोधनाने तिला दुजोरा दिलेला नाही. उलट विचारल्याने कोंडमारा सैल होतो. मात्र ‘तसले काही मनात नाही ना?’ असे विचारू नये. त्या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर दडलेले असते. ‘जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ असे शांतपणे विचारावे आणि मग ऐकावे. ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ हा आपल्याकडील हमखास उपदेश अपराधीपणाचे ओझे वाढवतो. ‘कोणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली गेली, तरी ती पाळायची नसते. मित्राला एकटे न सोडता जाणत्या माणसापर्यंत न्यायचे असते.

लक्षणे आणि गैरसमज ऑनलाइन पाठांतून उत्तम शिकता येतात. दूरच्या महाविद्यालयांना ते परवडतेही. पण तो प्रश्न तोंडातून काढण्याचा सराव पडद्यासमोर होत नाही. त्यासाठी समोर माणूस बसलेला हवा, जीभ अडखळायला हवी. शिवाय प्रशिक्षणाने वाढलेला आत्मविश्वास काही महिन्यांत ओसरतो, असे अभ्यासांत दिसते. तेव्हा वर्षातून एकदा प्रमाणपत्रे वाटून भागणार नाही.

पोहोचवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे गप्प राहतात. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते, आणि तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत हे शासनाचे कर्तव्य ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा असे प्रशिक्षण बंधनकारक केले. खोलीतील सोबत्याचा मात्र त्या बंधनात समावेश नाही.