संगणकपेटीतील वायुमार्ग

मेजावरील संगणकाची पेटी म्हणजे केवळ आच्छादन, हा समज यथार्थ नव्हे. ती मुख्यतः वायुमार्ग होय. १९९५ साली इंटेलने मांडलेल्या एटीएक्स रचनेनुसार बनविलेल्या उभ्या पेटीत मदरबोर्ड एका बाजूस खुंट्यांवर बसतो. पुढील पंखे थंड हवा आत घेतात. प्रोसेसरची उष्णता घेऊन ती मागून बाहेर पडते. वायरी मदरबोर्डामागून नेल्यास हा मार्ग मोकळा राहतो.

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांच्या परिसरात धुळीचा प्रश्न विशेष बिकट. जाळीतून आत घेतली जाणारी हवा बाहेर खेचल्या जाणाऱ्या हवेहून अधिक ठेवल्यास आतील दाब किंचित वाढतो; फटींतून धूळ फारशी शिरत नाही. जाळी तुंबताच मात्र हा लाभ सरतो. म्हणून ती सहज काढून धुता येते काय, हे पेटी निवडताना प्रथम पाहावे.