विश्लेषण : तेल-तुपाचे आतड्यात नेमके काय होते? लठ्ठपणा, फॅटी लिव्हरशी त्याचा संबंध काय?

सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ दिसले, की पहिली संक्रांत येते ती तेल-तुपावर. ताटातला मेद थेट यकृतात जाऊन साठतो, असा समज त्यामागे असतो. पण मध्ये आतडे आहे आणि ते नुसती नळी नाही.

मेदाचा प्रवास कसा होतो?

पित्तामुळे मेदाचे बारीक थेंब होतात. स्वादुपिंडातील लायपेज हे विकर त्यांचे तुकडे करते. लहान आतड्याच्या पेशी ते तुकडे आत घेतात, पुन्हा जोडतात आणि प्रथिनांच्या आवरणात बांधून ‘कायलोमायक्रॉन’ नावाचे कण तयार करतात. साखर आतड्यातून रक्तावाटे थेट यकृतात जाते. हे कण मात्र लसिकावाहिन्यांच्या आडवाटेने मानेच्या तळाशी रक्तात मिसळतात. त्यांतील बराचसा मेद स्नायू आणि चरबीच्या पेशी उचलतात. उरलेला यकृताकडे जातो.

उंदरांमध्ये काय आढळले?

तुकडे पुन्हा जोडण्याचे काम ‘एमगॅट-२’ हे विकर करते. ते नसलेल्या उंदरांवरील संशोधन २००९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. भरपूर मेदाचा आहार देऊनही हे उंदीर लठ्ठ झाले नाहीत, त्यांना फॅटी लिव्हरही झाले नाही. गंमत म्हणजे, त्यांनी मेद नेहमीइतकाच शोषला होता. फक्त तो रक्तात सावकाश पोहोचला आणि त्यांच्या शरीराने ऊर्जाही जास्त खर्च केली. म्हणजे मेद किती शोषला, याइतकेच तो आतड्याने कसा पुढे धाडला, हेही महत्त्वाचे.

मग यकृतातली चरबी येते कुठून?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजक्या रुग्णांमध्ये याचा माग काढला. यकृतातील मेदापैकी ५९ टक्के रक्तातील मुक्त मेदाम्लांतून आला होता; ती मुख्यतः अंगावरच्या चरबीतून सुटतात. २६ टक्के यकृताने स्वतःच, प्रामुख्याने साखर-पिष्टापासून बनवला होता. आहारातून थेट आलेला होता १५ टक्के. तूप बंद करून चहातली साखर तशीच ठेवणाऱ्यांनी हा २६चा आकडा जरूर पाहावा.

आतड्यातच मेद अडवता येतो का?

काही प्रमाणात. अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेले ऑर्लिस्टॅट लायपेजला रोखते. खाल्लेल्या मेदापैकी साधारण ३० टक्के मग न पचता बाहेर पडतो, तेलकट शौचाच्या रूपात. अ, ड, ई, के जीवनसत्त्वांचे शोषणही घटते. मेद जोडणाऱ्या ‘डीगॅट-१’ या दुसऱ्या विकराला रोखणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्यांतही अडचण आली ती पोटाचीच : जुलाब आणि मळमळ.