टाकी रिकामी, घर गार

६ जानेवारी २०१४. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या गव्हर्नरांनी त्या दिवशी राज्यातील सर्व शाळा बंद ठेवण्याचा आदेश दिला. कारण बर्फाचे वादळ नव्हते, निव्वळ थंडी होती. मिनीआपोलिस शहरात पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला होता. थंडीसाठी राज्यभर शाळा बंद ठेवण्याची वेळ १७ वर्षांनी आली होती. मुले बसथांब्यावर कुडकुडण्यापेक्षा घरात सुरक्षित राहतील, असा त्यामागचा साधा विचार होता. घर उबदार आहे हे त्यात गृहीत धरलेले होते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक डळमळले. घर तापवायला लागणारा प्रोपेन वायू मिळेनासा झाला.

त्या हिवाळ्यातील टंचाई आणि सरकारने केलेली धावपळ हा वरकरणी इंधनाचा विषय. पण त्याचे परिणाम दवाखान्यात, अतिदक्षता विभागात आणि कधी शवागारात दिसतात. म्हणूनच तो आरोग्याचाही विषय आहे.

टंचाई आली कुठून?

अमेरिकेच्या शहरांत घरे तापवण्यासाठी नैसर्गिक वायू नळाने येतो किंवा वीज वापरली जाते. जिथे वायूवाहिनी पोहोचलेली नाही, अशा खेड्यांत आणि शेतवस्त्यांवर प्रोपेनचा आधार असतो. देशातील सुमारे ५ टक्के घरे त्यावर तापतात. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, डाकोटा अशा उत्तरेकडील राज्यांत हे प्रमाण जास्त आहे. घराबाहेर साधारण ५०० गॅलनची, म्हणजे सुमारे १,९०० लिटरची आडवी टाकी असते. वायू प्रसरण पावतो म्हणून ती ८० टक्केच भरतात. टँकर येतो, टाकी भरून जातो. आपल्याकडे सिलिंडर संपला की एक-दोन दिवस बाहेरून डबा आणता येतो. तिथे जानेवारीत टाकी संपली तर काही तासांत घर गारठते, नळातले पाणी गोठते आणि नळ फुटतात.

२०१३च्या शरद ऋतूत तिथे मक्याचे विक्रमी पीक आले. हंगाम लांबला आणि दाणे ओलसर राहिले. ते वाळवायला शेतकरी प्रोपेनच वापरतात. त्यामुळे हिवाळ्यासाठी जपून ठेवायचा साठा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उपसला गेला. त्याच सुमारास कॅनडातून येणारी कोचिन वाहिनी दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद राहिली. मिनेसोटाचा सुमारे ४० टक्के प्रोपेन या एका वाहिनीतून येत होता. रेल्वेने माल आणायचा तर तिथेही गर्दी होती. त्यातच जानेवारीत ध्रुवीय वारे दक्षिणेकडे उतरले आणि मागणी एकदम उसळली.

यातला विरोधाभास असा की, देशात प्रोपेनचा तुटवडा नव्हता. उत्पादन वाढत होते, निर्यातही वाढत होती. टेक्सासच्या किनाऱ्याजवळ वायू होता आणि उत्तरेत टाक्या रिकाम्या होत्या. हिवाळ्याच्या सुरुवातीला गॅलनमागे दोन डॉलरच्या आत असलेला घरगुती दर जानेवारीअखेर मिडवेस्ट भागात चार डॉलरच्या वर गेला. म्हणजे एक टाकी भरायला १,६०० डॉलरहून अधिक. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध जोडप्याला ही रक्कम एकरकमी काढणे अवघडच.

सरकारने काय केले?

पहिला अडथळा वाहतुकीचा होता. अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग विश्रांतीनंतर ११ तासांपेक्षा जास्त वाहन चालवता येत नाही. शेजारच्या राज्यातील आगारात टँकरला तासन्‌तास रांगेत थांबावे लागले की कामाच्या तासांची मर्यादा सहज ओलांडली जाई. केंद्रीय वाहतूक यंत्रणेने जानेवारीत एकेका विभागासाठी आणीबाणी जाहीर करून प्रोपेन वाहणाऱ्या चालकांना या नियमातून तात्पुरती सूट दिली. ही सूट वाढत वाढत तीसहून अधिक राज्यांत लागू झाली. मार्चमध्ये संसदेने कायदा करून तिची मुदत ३१ मेपर्यंत नेली.

डॉक्टरांच्या दृष्टीने हा निर्णय सोपा नाही. कामाच्या तासांची मर्यादा घातली जाते ती झोपेअभावी होणारे अपघात टाळण्यासाठी. ज्वालाग्राही वायूचा टँकर, निसरडा रस्ता आणि पेंगुळलेला चालक हे एकत्र येणे धोक्याचेच. दोन धोके तोलून, मुदत घालून एक स्वीकारावा लागला. अशी सूट कायमची करायची नसते, ती याच कारणाने.

दुसरा उपाय वाहिनीचा. ७ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने टेक्सासमधून उत्तरेकडे व ईशान्येकडे जाणाऱ्या एका मोठ्या वाहिनीच्या कंपनीला, इतर मालाआधी प्रोपेन पाठवा, असा आदेश दिला. जुन्या आंतरराज्य व्यापार कायद्यातील आणीबाणीचा हा अधिकार आयोगाने प्रथमच वापरला. आदेश सुरुवातीला सात दिवसांचा होता, नंतर तो वाढवण्यात आला.

तिसरा भाग राज्यांनी उचलला. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आणीबाणी जाहीर केली. मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक सुरू झाले, उबदार निवारे तयार ठेवले गेले, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची चौकशी करण्याचे आवाहन शेजाऱ्यांना केले गेले. गरिबांच्या इंधनखर्चाला हातभार लावणारी एक केंद्रीय योजना अमेरिकेत १९८१पासून आहे. तिच्यातून संकटकाळासाठी जादा पैसे देण्यात आले.

तरी सगळ्यांपर्यंत मदत वेळेत पोचली नाही. डाकोटातील स्टँडिंग रॉक या मूलनिवासींच्या राखीव प्रदेशात घरे जुनी, कमी आच्छादनाची. बरीच कुटुंबे गरीब. तिथल्या प्रशासनानेही आणीबाणी जाहीर करून निवारे उघडले. त्याच भागात फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक महिला गारठलेल्या घरात मृतावस्थेत सापडली. घरातला प्रोपेन संपलेला होता.

थंड घरात शरीराचे काय होते?

घरातील तापमान किमान १८ अंश असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लहान बाळे, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी ते त्याहून जास्त लागू शकते. घर याखाली गेले की शरीर उष्णता वाचवण्यासाठी त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. रक्तदाब वाढतो. लघवी जास्त होते, रक्त दाट होते, गुठळी होण्याची शक्यता वाढते. आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना हा ताण सोसत नाही. थंडीच्या लाटेनंतर हृदयविकाराचे मृत्यू पहिल्या काही दिवसांत वाढतात आणि श्वसनविकारांचे साधारण दहा-बारा दिवसांनी. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयविकाराचा झटका’ किंवा ‘न्यूमोनिया’ लिहिले जाते. ‘इंधन संपले’ असे कोणी लिहीत नाही. त्यामुळे अशा टंचाईची खरी किंमत आकड्यांत पूर्ण दिसत नाही.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले तर त्याला अल्पतापावस्था म्हणतात. आधी माणूस थडथडतो. तापमान ३२ अंशांच्या आसपास उतरले की थडथड थांबते. नातेवाइकांना वाटते, आता बरे आहे. प्रत्यक्षात हा धोक्याचा टप्पा असतो. बोलणे अडखळते, तोल जातो, वागणे विचित्र होते. काही जण तर अंगावरचे कपडेही काढून टाकतात. वृद्धांमध्ये थडथडण्याची क्रियाच मंद असते आणि थंडीची जाणीवही बोथट झालेली असते, म्हणून ते तक्रारही करत नाहीत. घरातील साध्या तापमापकावरचे आकडे बहुधा ३५ अंशांपासूनच सुरू होतात, त्यामुळे त्यावर हे कळत नाही. अशा रुग्णाचे हातपाय जोराने चोळू नयेत, त्याला मद्य देऊ नये. ओले कपडे काढावेत, कोरड्या कपड्यांत व पांघरुणात गुंडाळावे, न हिसकता उचलावे आणि रुग्णालयात न्यावे. गारठलेले हृदय धक्क्यानेही अनियमित धडधडू लागते.

आणखी एक परिणाम ताटात दिसतो. थंडीच्या महिन्यांत इंधनाचा खर्च वाढला की गरीब कुटुंबे अन्नावरचा खर्च कमी करतात, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. मधुमेह, रक्तदाब यांची औषधे अर्धी करून पुरवली जातात, हे तर कोणत्याही देशातील डॉक्टरला नवे नाही.

उबेसाठी घेतलेला विषारी श्वास

अशा टंचाईत डॉक्टरांना थंडीइतकीच भीती असते ती कार्बन मोनॉक्साइडची. नेहमीची भट्टी बंद पडली की लोक हाती लागेल ते पेटवतात: घरात कोळशाची शेगडी, स्वयंपाकाच्या ओव्हनचे दार उघडे ठेवून खोली तापवणे, तळघरात जनरेटर. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्यांच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या असतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. आग नसताना अपघाताने होणाऱ्या या विषबाधेत अमेरिकेत दरवर्षी ४००हून अधिक माणसे दगावतात.

लक्षणे साधी असतात: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा. हिवाळ्यात ती फ्लूसारखी वाटतात. पण फ्लू घरातील सर्वांना एकाच तासात होत नाही आणि घराबाहेर पडल्यावर कमीही होत नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो ऑक्सिजन ९८ टक्के दाखवत असताना रुग्ण गुदमरत असू शकतो. निदान रक्ततपासणीनेच होते. उपचार म्हणजे आधी मोकळ्या हवेत आणणे आणि मग शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास.

फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासमध्ये थंडीत वीज गेली तेव्हाही हेच चित्र दिसले. तिथल्या आरोग्य विभागाने त्या वादळात २४६ मृत्यू नोंदवले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अल्पतापावस्थेचे होते आणि काही कार्बन मोनॉक्साइडचे. प्रोपेन असो वा वीज, ऊब थांबली की शरीराचा हिशेब तोच.

धडा

२०१४मध्ये कोचिन वाहिनीची दिशा उलटी करण्यात आली आणि मिनेसोटाला येणारा तो पुरवठा कायमचा थांबला. त्यानंतर टाकी उन्हाळ्यातच, दर कमी असताना भरून ठेवा, असा सल्ला ग्राहकांना आवर्जून दिला जातो. सरकारी आणीबाणीचे आदेश उपयोगी पडले, पण ते टाक्या रिकाम्या होऊ लागल्यावर निघाले. रुग्णालयात ऑक्सिजनच्या साठ्याची पातळी रोज पाहिली जाते, संपल्यावर नाही. इंधनसाठ्याकडेही आरोग्य खात्याने तसेच पाहायला हवे. कोणत्या घरात वृद्ध एकटे आहेत, कोण घरी ऑक्सिजनवर आहे, कुठे तान्हे बाळ आहे, ही यादी थंडी पडण्याआधी तयार असेल तर पहिला टँकर कुठे पाठवायचा हे ठरवता येते.

महाराष्ट्रात उणे ३० अंशांची थंडी नाही, पण कार्बन मोनॉक्साइडला थंडी किती आहे याच्याशी देणेघेणे नसते. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे आणि रात्री खोलीत पेटत ठेवलेल्या शेगडीमुळे आपल्याकडेही माणसे दगावतात.

हे लक्षात ठेवा

• गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. तो आत असल्यास बादली आधी भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच दार लावून आंघोळ करावी. झरोका कधीही बुजवू नये.

• कोळशाची शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. निखारे विझत आले तरी वायू बाहेर पडत असतो.

• जनरेटर घरात, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नये.

• घरातील एकाहून अधिक जणांना एकदम डोकेदुखी, मळमळ झाली तर आधी सर्वांनी बाहेर पडावे आणि मग कारण शोधावे.

• थंडीच्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या वृद्ध शेजाऱ्यांकडे रोज एक फेरी मारावी. त्यांचे बोलणे अडखळत असेल, अंग गार लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.