वेबपानाची बांधणी (भाग ६): कार्डात लिंक कुठे ठेवायची?

मागच्या भागात आपण पानाचा सांगाडा उभा केला: हेडर, मेन, फूटर. आज त्या मेनमध्ये बातम्यांची कार्डं बसवू. वर फोटो, मग मथळा, दोन ओळींचा सारांश, तारीख आणि शेवटी ‘पुढे वाचा’. दिसायला हा तुकडा इतका सोपा की बहुतेकजण थेट सीएसएसला हात घालतात: गोल कोपरे, सावली, माउस नेला की किंचित वर उचलली जाणारी चौकट. पण त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. या कार्डात लिंक नेमकी कोणती?

सर्रास दिसणारे दोन मार्ग आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. पहिला, आख्खं कार्डच ‘ए’ या टॅगमध्ये गुंडाळायचं. एचटीएमएल५च्या नियमात ते बसतं. पण मग फोटोचं वर्णन, मथळा, सारांश, तारीख हे सगळं मिळून त्या लिंकचं नाव होतं, आणि स्क्रीन रीडर ते एका दमात वाचून दाखवतो. दुसऱ्या मार्गात फोटोला, मथळ्याला आणि ‘पुढे वाचा’ला अशा तीन वेगळ्या लिंक्स देतात, तिन्ही एकाच ठिकाणी नेणाऱ्या. पानावर १२ कार्डं असतील तर कीबोर्डवर चालणाऱ्या माणसाला टॅबची कळ ३६ वेळा दाबावी लागते. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारे इन्सर्ट आणि एफ७ दाबून पानावरच्या लिंक्सची यादी उघडतात. त्या यादीत ‘पुढे वाचा’ बारा वेळा येतं. कशाच्या पुढे, ते कळायला मार्ग नाही.

म्हणून लिंक एकच, आणि ती मथळ्यात. मग कार्डावर कुठेही बोट टेकवणाऱ्याचं काय? ते काम सीएसएसकडे. कार्डाला ‘पोझिशन: रिलेटिव्ह’ द्या. मथळ्यातल्या लिंकला ‘आफ्टर’ हा आभासी घटक जोडा, त्याचा ‘कंटेंट’ रिकामा ठेवा, त्याला ‘ॲब्सोल्यूट’ करून ‘इनसेट: ०’ करा. आता ती लिंक न दिसणाऱ्या काचेसारखी पूर्ण कार्डावर पसरते. ‘पुढे वाचा’ हवंच असेल तर साध्या ‘स्पॅन’मध्ये ठेवून ‘एरिया-हिडन’ लावा. लेखकाच्या नावालाही लिंक असेल, तर तिला ‘रिलेटिव्ह’ आणि ‘झेड-इंडेक्स: १’ देऊन वर आणा. या युक्तीची किंमत एकच: सारांशातला मजकूर निवडून कॉपी करता येत नाही. बातमीच्या कार्डाला ती परवडते. पत्ता किंवा फोन नंबर असलेल्या कार्डाला मुळीच नाही.

एचटीएमएलमध्ये मथळा आधी लिहा, फोटो नंतर. कार्ड उभं फ्लेक्स करून फोटोला ‘ऑर्डर: -१’ दिलं की डोळ्यांना तो वर दिसतो आणि वाचनाचा क्रम मात्र मथळ्यापासूनच राहतो. फोटो निव्वळ शोभेचा असेल तर ‘ऑल्ट’ रिकामा ठेवा, पण गाळू नका. गाळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत बसतात. कार्डांची ‘यूएल’ यादी केली आणि तिचे ठिपके ‘लिस्ट-स्टाइल: नन’ने काढले, तर सफारीतला व्हॉइसओव्हर तिला यादी मानायचंच सोडतो. ‘रोल’मध्ये ‘लिस्ट’ लिहून ते परत सांगावं लागतं. विचित्र आहे, पण आहे.

आता रुंदी. ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा लेख लिहिला, तेव्हा पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलायला मीडिया क्वेरी हाच हुकमी उपाय होता. २०१७ मध्ये ब्राउझरांत ग्रिड आलं आणि अशा यादीपुरती ती गरज संपली. ‘ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स’मध्ये ‘रिपीट’, त्यात ‘ऑटो-फिल’ आणि ‘मिनमॅक्स’. किमान रुंदी १८ रेम, कमाल १ एफआर. फक्त तो १८ रेम नुसता लिहू नका, ‘मिन’मध्ये १०० टक्क्यांसोबत लिहा. कुणी ब्राउझरमधला अक्षराचा आकार दुप्पट केला की १८ रेमचे २८८ऐवजी ५७६ पिक्सेल होतात आणि मोबाइलवर कार्ड पडद्याबाहेर जातं.

इंग्रजी साच्यातून उचललेलं सीएसएस मराठीला इथेच नडतं. १.२ची ‘लाइन-हाइट’ ठेवली की वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या रफारांना आणि वेलांट्यांना भिडतात. मी १.६च्या खाली जात नाही. मथळ्याला ‘लेटर-स्पेसिंग’ दिलं की शिरोरेषा तुटते. ते शून्यच ठेवा. कार्डाला ठरावीक उंची देऊ नका. आणि साच्यात ‘लँग’समोर ‘ईएन’ राहिलं असेल तर तिथे ‘एमआर’ करा. त्यावरूनच स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात.

तारखेच्या फिकट करड्या रंगाकडे लक्ष असू द्या. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर #७६७६७६ हा रंग ४.५४ देऊन पास होतो, #७७७७७७ हा ४.४८वर नापास. ‘आउटलाइन: नन’ लिहून फोकसची चौकट पुसणं तर सरळ बंद करा. ‘फोकस-व्हिजिबल’ असताना त्याच ‘आफ्टर’ला ३ पिक्सेलची ठळक आउटलाइन द्या, म्हणजे टॅब करणाऱ्याला पूर्ण कार्ड उजळलेलं दिसेल.

तपासणीसाठी ब्राउझरची खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करा. पानाला ३२० पिक्सेल उरतात. कार्डं एकाखाली एक आली आणि आडवी सरकपट्टी आली नाही, की पुढच्या आठवड्यात या यादीच्या वर शोधाचा फॉर्म बसवू.