जुनी मोटार-बॅटरी घेण्यापूर्वी

धान्याच्या व्यापाऱ्याने बॅटरीविषयी लिहावे, हे पाहून कित्येक बंधूंस नवल वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते कमलनगरच्या पेढीवर तूर, उडीद व ज्वारीच्या पोत्यांत. तथापि आज आपणांपैकी बहुतेकांच्या दारी मोटार आहे, माल पोचविण्यास पिकअप आहे, आणि चार पैसे वाचावेत म्हणून जुनी बॅटरी घेण्याचा मोह कोणास होत नाही? आम्हांसही झाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौषाचे दिवस, तुरीची आवक ऐन भरात, श्वास घ्यावयास फुरसत नाही. अशात आमच्या डिझेल मोटारीची बॅटरी निकामी झाली. एका ओळखीच्या गृहस्थाने जुनी आणून दिली व मीटर लावून 12.6 व्होल्टचा आकडा दाखविला. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा तोच, एवढे आम्हांस ठाऊक होते. तूर दाताखाली फोडून पाहिल्याखेरीज भाव न बोलणारे आम्ही, पण तेथे एका आकड्यावर संतुष्ट झालो!

आठ दिवस दुपारच्या उन्हात गाडी चालू होत राहिली. नवव्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास आमच्या सौभाग्यवतींना धाप लागली. उदगीरला नेणे भाग होते. बाहेर कडाक्याची थंडी. किल्ली फिरविताच इंजिन एकदा कण्हले, आणि मग नुसती टकटक. सूनबाई मागच्या आसनावर सासूबाईंचे हात चोळीत बसलेल्या, आणि आम्ही पुनःपुन्हा किल्लीच फिरवीत आहोत! शेवटी शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली, म्हणून वेळेवर पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पाहताच सांगितले की ही बॅटरी लहान पेट्रोल गाडीची आहे. तिच्यावर 35 अँपिअर-तास असे छापलेलेच होते. आमच्या गाडीस साठाच्या वरची हवी होती. व्होल्ट दोहोंचे बाराच. परंतु डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून ते फिरविण्यास क्षणभर पुष्कळ अधिक विद्युत्प्रवाह लागतो. शिवाय थंडीत तेल घट्ट होते व बॅटरीचा जोरही घटतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेली क्षमता आधी पाहावी, व्होल्टचा आकडा मागाहून.

यानंतर मापाचा प्रश्न. आपली जुनी बॅटरी काढून घ्यावयाच्या बॅटरीशेजारी ठेवावी. लांबी, रुंदी, उंची तर पाहावीच. उंच बॅटरीचा खुंट बॉनेटच्या पत्र्यास टेकला तर ठिणग्या उडून आग लागू शकते. प्लसचा खुंट कोणत्या अंगास आहे तेही पाहावे. तो उलट अंगास असल्यास तार पुरत नाही, किंवा घाईत उलटी जोडली जाऊन गाडीतील विद्युत् उपकरणे जळतात. काही बॅटऱ्यांचे खुंट बारीक, काहींचे जाड असतात. बारीक खुंटाभोवती पत्र्याचा तुकडा गुंडाळून काम भागविण्याची आपल्याकडील पद्धत आम्हांस मुळीच पसंत नाही; सांधा सैल राहतो व तापतो. खाली आवळण्याची पट्टीही बसली पाहिजे. सिग्नलपाशी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या नव्या गाड्यांना तर निराळ्याच जातीची बॅटरी लागते. तेथे साधी चालत नाही.

सर्व जुळल्यावर मग प्रकृती तपासावी. गाडी काही तास उभी असताना 12.4 म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. पण खरी परीक्षा इंजिन फिरवितानाच होते; त्या क्षणी आकडा साडेनऊच्या खाली गेल्यास बॅटरी घेऊ नये. झाकणे उघडणारी असेल तर आतील सहाही कप्प्यांचे आम्ल हायड्रोमीटरने पाहावे. भरलेल्या बॅटरीत ते 1.265 च्या आसपास येते, आणि एखादाच कप्पा फार मागे असेल तर तो बिघडलेला समजावा. काही बॅटऱ्यांवर हिरवा डोळा असतो. पुष्कळ जण त्यावर विसंबतात. तो डोळा सहांपैकी एकाच कप्प्यात असतो, हे आम्हांसही मिस्त्रीकडूनच कळले.

काढताना मायनसची तार प्रथम सोडावी व लावताना ती शेवटी लावावी. निकामी बॅटरी भंगारवाल्यास देऊ नये. आत शिसे व आम्ल असते. 2022 च्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवी घेताना विक्रेते जुनीचे पैसे वजा करतात.

सौभाग्यवती चार दिवसांनी सुखरूप घरी आल्या. आम्ही त्याच आठवड्यात योग्य क्षमतेची नवी बॅटरी घेतली. राहता राहिली ती जुनी. तिला दोष नव्हताच. आमच्या पुतण्याच्या लहान पेट्रोल गाडीत ती अगदी नेमकी बसली, आणि पुढचा सबंध हिवाळा त्याने ती विनातक्रार वापरली.