तव्यावर भाजली म्हणून मिश्री ‘सौम्य’ होते का?

घरी तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीला ना पाकीट असते, ना धोक्याचे चित्र. त्यामुळे अनेकींना ती तंबाखू वाटतच नाही. उष्णतेने तंबाखूचे नेमके काय होते, कायदा कुठे थांबतो आणि ही सवय कशी सुटू शकते, ते समजून घेऊ.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक घरांत सकाळचा चहा नंतर, आधी मिश्री लागते. कुणी तिला मिश्री म्हणते, कुणी मशेरी. बाजारातून सुटी तंबाखू आणायची, तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. बोटावर चिमूटभर घेऊन ती दातांवर आणि हिरड्यांवर घासली जाते. सुरुवात दात घासण्यापासून होते. पुढे दुपारी, संध्याकाळी, रानातून आल्यावर, झोपण्याआधी अशी तिची संख्या वाढत जाते.

आरोग्य तपासणीत ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, की अशा घरातील बाई ‘नाही’ म्हणते. ती खोटे बोलत नसते. तंबाखू म्हणजे चुना लावून मळायची किंवा पुडीतली, मिश्री म्हणजे दात घासायची पूड, अशी तिची सरळ समजूत असते. त्यात आणखी एक विश्वास मिसळलेला असतो: भाजल्यावर तंबाखूचा ‘कडकपणा’ निघून जातो.

भाजल्याने निकोटीन जाते का?

पूर्ण जात नाही. निकोटीन हा तंबाखूच्या पानातील मूळ घटक. तो २४७ अंश सेल्सिअसला उकळतो. तापलेल्या तव्यावर त्याचा काही भाग वाफ आणि धुरातून उडतो. मिश्री भाजताना घरभर ठसका लागतो, त्यात या वाफेचाही वाटा असतो. चुलीजवळ खेळणारी मुलेही तोच धूर श्वासात घेतात. पण पुडीत जे निकोटीन शिल्लक राहते, ते सवय लावायला पुरेसे असते. तसे नसते, तर एक दिवस मिश्री मिळाली नाही म्हणून डोके दुखले नसते आणि चिडचिडही झाली नसती.

हिरड्या आणि गालाच्या आतील त्वचा पातळ असते. तिथून निकोटीन थेट रक्तात जाते. मिश्री गिळली नाही, थुंकून टाकली, तरी त्यातील बराच भाग तोवर शरीरात गेलेला असतो.

मग उष्णतेने नेमके काय बदलते?

इथेच खरी मेख आहे. भाजल्याने तंबाखूतील विष निघून जात नाही, उलट नवे तयार होते. कोणताही पाला अर्धवट जळतो, तेव्हा त्यातून बहुचक्रीय हायड्रोकार्बन नावाची रसायने बनतात. बेंझो-ए-पायरीन हे त्यातील सर्वांत बदनाम. सिगारेटच्या धुरात, गाड्यांच्या धुरात आणि डांबरात ते असते आणि त्यामुळे कर्करोग होतो, हे सिद्ध झाले आहे. विडी ओढणाऱ्याच्या तोंडात ते धुरातून जाते. मिश्री लावणाऱ्याच्या तोंडात ते पुडीतून जाते. म्हणजे मिश्रीत न जळलेल्या तंबाखूचा आणि जळलेल्या तंबाखूचा, असे दोन्ही धोके एकत्र येतात.

पहिला धोका तवा तापण्याआधीचाच आहे. पान वाळवताना आणि मुरवताना त्यात नायट्रोसामाइन गटातील रसायने तयार होतात. तीही कर्करोगाला कारण ठरतात. मुंबईतील कर्करोग संशोधकांनी १९८० च्या दशकात तपकिरी आणि काळ्या अशा दोन्ही मिश्रींवर प्रयोग केले. कमी भाजलेली तपकिरी, जास्त भाजलेली काळी. जास्त भाजणे म्हणजे जास्त जळणे. त्यामुळे ‘चांगली काळी भाजली की बाधत नाही’ हा समज उलटा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारच्या धूरविरहित तंबाखूला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी तिचा संबंध दिसला आहे.

शहरातील ई-लिक्विड आणि गावातील तवा

घरी निकोटीनचा पदार्थ करायचा आणि त्याला उष्णता द्यायची, हा प्रकार फक्त गावातला नाही. परदेशात ई-सिगारेट ओढणारे काही जण त्यातील द्रवही घरीच तयार करतात. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन एकत्र करून ते काही आठवडे ‘मुरवतात’. धीर नसलेले बाटली गरम पाण्यात ठेवून हा काळ कमी करू पाहतात. उष्णतेने घट्ट द्रव पातळ होतो आणि लवकर मिसळतो, एवढे खरे. पण उष्णता आणि हवेमुळे निकोटीनचे ऑक्सिडीकरणही वाढते. द्रव तपकिरी होऊ लागतो, तो त्यामुळे. शिवाय अमेरिकेतील येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की व्हॅनिलासारखे काही स्वाद प्रोपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून नवी रसायने बनवतात आणि ती श्वासमार्गाला झोंबतात.

लोणचे मुरते तेव्हा मीठ आणि आंबटपणा ते टिकवतात. निकोटीनचे तसे नाही. बाटली असो वा तवा, उष्णता विषाला मवाळ करत नाही.

कायदा कुठे आहे, कुठे नाही?

• ई-सिगारेट: २०१९ च्या केंद्रीय कायद्याने देशभर उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरातीवर बंदी. ही बंदी सुट्या भागांनाही लागू आहे. उत्पादन किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माहीत असूनही आपली जागा साठ्यासाठी वापरू देणे हाही गुन्हा.

• गुटखा: महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी.

• तंबाखूची टूथपेस्ट आणि दंतमंजन: केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

• तंबाखूची पाकिटे: २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा सक्तीचा. १८ वर्षांखालील मुलांना विक्री आणि शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत विक्री २००३ च्या कायद्याने बंद.

म्हणजे कारखान्याने तंबाखूचे दंतमंजन विकले तर तो गुन्हा ठरतो. तेच दंतमंजन घरच्या तव्यावर झाले, तर त्याला ना परवाना लागतो, ना इशारा छापावा लागतो. कायद्याने स्वयंपाकघरात शिरावे, असे कुणी म्हणणार नाही. पण म्हणूनच इथे माहिती पोहोचणे जास्त गरजेचे ठरते.

महिलांसाठी हा प्रश्न मोठा का?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या महिला १.४ टक्के होत्या, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. बाईने विडी ओढली तर गावात चर्चा होते, मिश्री लावली तर कुणी काही म्हणत नाही. सासू लावते, सून लावते, शेजेला बसलेली लेकही बोट पुढे करते.

सर्वांत मोठी किंमत पोटातल्या बाळाला मोजावी लागते. मुंबईत १,२१७ गरोदर महिलांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील तंबाखू वापरणाऱ्या महिलांत मिश्री लावणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता सुमारे १.४ पट होती. याच अभ्यासातील पुढील निष्कर्षांत मृत बाळ जन्मण्याचा धोकाही अडीच पटींहून अधिक दिसला. ऊसतोड, खुरपणी, दूरवरून पाणी आणणे अशी कष्टाची कामे आणि रक्ताची कमतरता ज्या घरात आधीच आहे, तिथे हा भार आणखी जड होतो.

‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’

हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते. रोजच्या निकोटीनची सवय झाली, की ते मिळाले नाही तर काही दिवस बद्धकोष्ठ होते. म्हणजे मिश्री औषध ठरत नाही, ती सवय लागल्याची खूण ठरते. दातदुखी थांबते, हा अनुभवही असाच. दुखणे तात्पुरते दबते, पण कीड आणि हिरड्यांचा आजार आत वाढत राहतो. हिरड्या खाली सरकतात, दात हलू लागतात.

सोडायची कशी?

१. एक दिवस ठरवा आणि घरातील डबी, भाजलेली पूड, सुटी तंबाखू सगळे टाकून द्या. सासू-सून मिळून सोडत असतील तर दोघींना सोपे जाते.

२. पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड. डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणे, बद्धकोष्ठ हे सगळे तात्पुरते असते. सकाळी कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, फळे यांचा उपयोग होतो.

३. तलफ आली की बडीशेप, लवंग किंवा ओवा तोंडात ठेवा. तलफेचा जोर काही मिनिटांत ओसरतो.

४. दात ब्रश आणि साध्या पेस्टने घासा. सकाळच्या सवयीची जागा रिकामी राहू देऊ नका.

५. निकोटीनचे च्युइंगम किंवा औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदर महिलांनी तर नक्कीच.

६. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६ वर मोफत समुपदेशन मिळते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ किंवा तोंड कमी उघडणे यापैकी काहीही दिसले तर थांबू नका. तिशीनंतरच्या सर्वांची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यासाठी गावातील उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आशाताई, परिचारिका आणि घरातील शिकलेल्या मुलामुलींसाठी एक छोटा बदल पुरेसा आहे. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारू नका. ‘दात कशाने घासता?’ असे विचारा. खरे उत्तर तिथे मिळेल.